इकोटॉक्सिकॉलॉजीत, म्हणजे विषारी रसायनं निसर्गातल्या जिवांवर काय परिणाम करतात या अभ्यासात, आयुष्य घालवणारा माणूस नेमकं काय करतो? आणि ते खान्देशात का व्हायला हवं?

सातपुडा_पायथा

चोपडा-यावल पट्ट्यातल्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. एमएस्सीची मुलं पीएचडीचा विषय विचारायला येतात तेव्हा बहुतेकांच्या डोक्यात एकच आराखडा असतो. एक कीटकनाशक, एक मासा, एक काचेची टाकी. 96 तासांत निम्मे मासे मरतील ती मात्रा काढायची, कल्ल्यांचे आणि यकृताचे छेद घ्यायचे, फोटो लावायचे, प्रबंध बांधायचा. हे काम करावंच लागतं, पण विषय तिथे संपत नाही. पुढे काय असतं ते एका शास्त्रज्ञाच्या कामातून सांगते.

रिक रेलिया हे अमेरिकन परिसंस्थाशास्त्रज्ञ. पीएचडी मिशिगन विद्यापीठातली, आणि विषय विषाचा नव्हताच. बेडकाची पिल्लं, म्हणजे भैरे (टॅडपोल), शिकारी जवळ असला की कशी बदलतात, हा त्यांचा विषय होता. पाण्यात शिकाऱ्याचा नुसता वास आला तरी भैरे हालचाल कमी करतात, लपतात, आणि काही आठवड्यांत त्यांच्या शेपटीचा पडदा उंच होतो. शेपूट मोठी झाली की सुटका सोपी होते. हे सगळं रसायनांशिवायचं, शुद्ध निसर्गाचं काम.

मग 2001 साली त्यांनी नेथन मिल्स यांच्यासोबत एक साधा प्रयोग केला. भैऱ्यांना कार्बारिल दिलं. हेच औषध आपल्याकडे एके काळी कपाशीवर सर्रास मारलं जायचं. काही टाक्यांत फक्त औषध, काही टाक्यांत औषध आणि जाळीच्या पिंजऱ्यात कोंडलेला शिकारी. शिकारी भैऱ्यांना शिवूही शकत नव्हता, पाण्यात होता तो फक्त त्याचा वास. तरी तिथे तेच औषध दोन ते चार पट जास्त मारक ठरलं.

याचा अर्थ लक्षात घ्या. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ, निवांत टाकीत काढलेला 'सुरक्षित' आकडा, जिथे कुणी कुणाला खात नाही तिथलाच असतो. डबक्यात, नाल्यात, वावरात असं ठिकाण नाही.

पुढची वीसेक वर्षं त्यांनी हाच धागा सोडला नाही. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो यासाठी की त्यांनी रसायनं बदलली, प्राणी बदलले, पण प्रश्न एकच ठेवला: सगळा जीवसमुदाय एकत्र असताना विष काय करतं? यासाठी त्यांनी वापरल्या त्या महागड्या यंत्रणा नव्हत्या. गुरांना पाणी पाजायच्या मोठ्या टाक्या उघड्यावर मांडल्या, त्यात पाणी, पालापाचोळा, शेवाळ, पाण्यातले बारीक किडे, भैरे असं छोटं तळंच उभं केलं, आणि मग औषध टाकलं.

केळीबाग_रावेर

मॅडम, छान लिहिलंय. मी केळी आणि कपाशी दोन्ही करतो. मला सांगा, डब्यावर जी मात्रा लिहिलेली असते तेवढीच मारली तर मग अडचण काय? ती मात्रा शास्त्रज्ञांनीच ठरवलेली असते ना? कृषी केंद्रवाला सांगतो त्यापेक्षा आम्ही कमीच मारतो, जास्त नाही.

सातपुडा_पायथा

दादा, हा प्रश्न खूप महत्त्वाचा आहे. लेबलवरची मात्रा पिकावरची कीड मरावी यासाठी असते. शेजारच्या डबक्यात काय पोचतं आणि तिथे काय घडतं, हे वेगळं मोजावं लागतं.

रेलिया आणि निकोल डीक्स यांचं 2008 सालचं मॅलॅथिऑन या कीटकनाशकावरचं काम बघा. त्यांनी टाकीत घातलेलं प्रमाण इतकं कमी होतं की भैरे थेट विषाने मरत नव्हते. पण पाण्यातले सूक्ष्म प्राणी मेले. हे प्राणी पाण्यात तरंगणारं हिरवं शेवाळ खातात. खाणारे गेल्यावर शेवाळ माजलं, पाणी हिरवं झालं, तळाशी ऊन पोचेना. तळाच्या दगडावर-पानावर जो शेवाळाचा थर वाढतो तो खुरटला, आणि भैरे जगतात त्या थरावर. भैरे उपाशी राहिले, वाढ रखडली. लवकर मोठी होणारी एक जात निभावली. हळू वाढणाऱ्या जातीच्या पिल्लांतली कितीतरी, टाकीतलं पाणी आटेपर्यंत बेडूकच होऊ शकली नाहीत.

औषधाने बेडूक मेला का? नाही. औषध नसतं तर मेला असता का? तेही नाही.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्याने खास लक्षात ठेवावी अशी. एकदाच दिलेल्या मोठ्या डोसापेक्षा दर आठवड्याला दिलेला बारीक डोस जास्त नुकसान करून गेला, आणि तो मोठा डोस बारीक डोसाच्या 25 पट होता. कारण एकदा दिल्यावर सूक्ष्म प्राणी पुन्हा उभे राहतात. दर आठवड्याला दिल्यावर त्यांना उसंतच मिळत नाही. आता आपल्या कपाशीवरच्या फवारण्या आठवा: मावा-तुडतुड्याला एक, मग फुलकिड्याला, मग बोंडअळीला.

झूलॉजी_एमएस्सी

मॅडम, मी जळगावला विद्यापीठात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुम्ही सांगितलेला आराखडाच माझ्याही डोक्यात होता, अगदी मासासुद्धा ठरला होता. पण आमच्या भागात तळी किती? माझं गाव पारोळ्याकडे, सगळी कोरडवाहू जमीन. मला मातीवर काम करायचंय. गांडुळावर केलं तर ते पुढच्या दर्जाचं होईल का?

सातपुडा_पायथा

मातीवर काम करायचं म्हणतेस, याचाच मला मनापासून आनंद झाला. थोडं सविस्तर लिहिते.

गांडुळावरची जगभर मान्य चाचणी 1984 सालची आहे, ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची 207 क्रमांकाची. 14 दिवस, साधारण 20 अंश तापमान, आणि मातीसुद्धा बनवलेली: 70 टक्के वाळू, 20 टक्के केओलिन चिकणमाती, 10 टक्के पीट (दलदलीतला कुजलेला पाला). गांडूळ वापरायचं ते आयसेनिया फेटिडा, म्हणजे आपल्या गांडूळखताच्या बेडवरचं लाल गांडूळ. चाचणी अशी ठरवली कारण जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत ती सारखी करता यावी, आणि त्या कामासाठी ती उत्तमच आहे.

पण आता आपलं वावर बघ. काळी, चिकट, भेगाळणारी माती, आणि ती चिकणमाती केओलिनच्या जातीची नाही. औषधाचे रेणू तिला वेगळ्या तऱ्हेने चिकटतात. मे महिन्यात तापमान चाळीसच्या पुढे. वावरात आयसेनिया नसतंच, ते उकिरड्याचं, सडक्या शेणाचं गांडूळ. आपल्याकडे शेतात लॅम्पिटो मॉरिशियायसारखी जात सापडते, ती उन्हाळ्यात खोल जाऊन निपचित पडते आणि पावसाला वर येते. म्हणजे औषध वरच्या थरात असताना गांडूळ नेमकं कुठे आहे, हाच पहिला प्रश्न. तो टाकीत सुटत नाही, वावरातच सुटतो.

नुसत्या मरणावर थांबू नकोस. ओईसीडीची 222 क्रमांकाची चाचणी प्रजननाची आहे. चार आठवडे मोठी गांडुळं औषधाच्या मातीत ठेवायची, मग काढून घ्यायची, आणि आणखी चार आठवड्यांनी पिल्लं मोजायची. पुष्कळदा मोठं एकही मरत नाही आणि पिल्लं मात्र येत नाहीत. वावर गांडुळांनी रिकामं होतं ते असं, न मरता.

तिसरी गोष्ट, केळीपट्ट्यातला तांब्याचा प्रश्न. तांबं असलेली बुरशीनाशकं वर्षानुवर्षं एकाच जमिनीत पडली की तांबं जिरत नाही, उडून जात नाही, साठत राहतं. युरोपातल्या द्राक्षमळ्यांत हे नीट अभ्यासलं गेलंय आणि गांडुळांवर त्याचा ताण दिसतो. आपल्या केळीच्या बागांत मृगबाग (पावसाच्या सुरुवातीला लावलेली) आणि कांदेबाग (पाऊस संपताना लावलेली) अशी वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या फवारणीची शेतं एकमेकांना लागून असतात. तुलना करायला यापेक्षा चांगली रचना शोधूनही मिळणार नाही.

तापीकाठ

मी निवृत्त शिक्षक, भुसावळकडचा. विषय गांडुळाचा चाललाय तरी मला गिधाडांचं विचारायचंय. आमच्या लहानपणी मेलेलं ढोर गावाबाहेर ओढून टाकलं की तासाभरात आभाळ भरून जायचं. दुपारपर्यंत हाडं उरायची. नंतर एकाएकी गिधाडं दिसेनाशी झाली. लोक म्हणायचे जंगल तुटलं म्हणून गेली. नंतर ऐकलं की औषधाने. मग हाही तुमच्याच शास्त्रातला भाग का?

सातपुडा_पायथा

सर, या शास्त्राचं आपल्या उपखंडातलं सगळ्यात मोठं उदाहरण तुम्ही काढलंत.

भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) डॉ. विभू प्रकाश गिधाडांची मोजणी करत होते. आधीची मोजणी हातात होती म्हणूनच नव्वदच्या दशकात त्यांना घसरण दिसली. दुसऱ्या टोकाला, पाकिस्तानातल्या पंजाबात, लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी मेलेली गिधाडं तपासत होते. आत अवयवांवर युरिक अ‍ॅसिडचा पांढरा थर, मूत्रपिंड निकामी. विषाणू शोधले, जडधातू शोधले, शेतीची कीटकनाशकं शोधली. शेवटी सापडलं डायक्लोफेनॅक, गुरांना दुखण्यावर देतात ते. 2004 साली हे छापून आलं.

विष सापडलं तरी एक कोडं उरत होतं. मेलेल्या सगळ्याच ढोरांत थोडंच डायक्लोफेनॅक असतं? तिथे गणित कामी आलं. रिस ग्रीन आणि इतरांनी दाखवलं की शंभरात एखादं ढोरही दूषित असायची गरज नाही, त्याहून कमी पुरतात. कारण एका ढोरावर मोठा थवा जेवतो, आणि गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. एवढ्या सावकाश वाढणाऱ्या पक्ष्याला वाढीव मरण सोसतच नाही. 1992 ते 2007 या काळात भारतात पांढऱ्या पाठीची गिधाडं 99 टक्क्यांहून जास्त घटली. विषशास्त्र एकट्याने हे सांगू शकलं नसतं, पक्षीमोजणीही एकटीने नसतं.

2006 साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली आणि पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम पुढे आलं.

गुरांचा_डॉक्टर

वरच्या पोस्टला जोडून थोडं. मी धुळे जिल्ह्यात जनावरांचा दवाखाना चालवतो. मेलॉक्सिकॅम चांगलं काम करतं, आता तेच वापरतो. बंदीनंतरही माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जायच्या, म्हणून 2015 साली माणसांच्या इंजेक्शनची बाटली 3 मिलीचीच ठेवायचा नियम झाला. मोठ्या जनावराला तेवढ्याने भागत नाही, म्हणून वापर आपोआप कमी झाला. 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि अ‍ॅसेक्लोफेनॅकवरही जनावरांसाठी बंदी आली. अ‍ॅसेक्लोफेनॅक गुराच्या शरीरात गेल्यावर त्याचं डायक्लोफेनॅकच होतं, त्यामुळे ती बंदी हवीच होती. आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाने हे पशुपालकाला सांगायला हवं, नुसती चिठ्ठी देऊन चालणार नाही.

रानपिंगळा_शहादा

आमच्याकडचा पक्षी म्हणून विचारतो. रानपिंगळा, म्हणजे एक छोटं घुबड, शंभराहून जास्त वर्षं कुणाला दिसला नव्हता आणि 1997 साली अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांना शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला पुन्हा सापडला, हे इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. त्याला शेतातल्या औषधांचा धोका आहे का?

सातपुडा_पायथा

रानपिंगळ्याचं खाणं सरडे, उंदीर, नाकतोडे असं आहे. जंगलाच्या कडेला शेत असेल तर हे तिन्ही शेतातूनही येतात. उंदरांसाठीच्या ब्रोमॅडिओलोनसारख्या औषधांनी उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्त फिरतो आणि नेमका तोच घुबडाच्या तावडीत सापडतो. इतर देशांत घुबडांच्या यकृतात ही औषधं सापडलेली आहेत. रानपिंगळ्यासाठी सर्वांत मोठं संकट अजूनही जंगलतोड आणि अतिक्रमण हेच आहे, त्यावर दुसरं काही ठेवायला नको. पण जंगलाच्या कडेच्या पाड्यांत धान्य साठवणीत कोणती औषधं वापरली जातात, याची साधी नोंद जरी कुणी ठेवली तरी पुढच्या अभ्यासकाला ती सोन्याची ठरेल.

यावरून आठवलं. डीडीटी हे कीटकनाशक वापरात आल्यावर शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ झाली, हे ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी 1967 साली दाखवलं ते छंद म्हणून जमवलेल्या जुन्या अंड्यांच्या जोरावर. अंडी जमवणाऱ्यांना डीडीटी ठाऊकही नव्हतं. जुनी अंडी आणि नवी अंडी शेजारी ठेवल्यावर 1947 च्या आसपासचा बदल उघड झाला. म्हणून मी मुलांना सांगते, तुमचं पहिलं काम यंत्र मिळवणं नाही, नोंदवही सुरू करणं आहे.

कपाशीवाला_अमळनेर

सगळं वाचलं. पण मॅडम, खरं बोलतो. तुम्ही लोक अभ्यास करता आणि शेवटी बोट शेतकऱ्याकडेच दाखवता. फवारलं नाही तर बोंडअळी कापूस सोडत नाही. बीटी आलं तेव्हा म्हणाले फवारणी संपली, आता गुलाबी बोंडअळी बीटीलाही दाद देत नाही. उधारीवर औषध घेतो, कृषी केंद्रवाला जे देतो ते मारतो. 2017 ला यवतमाळकडे फवारताना शेतकरीच मेले. बेडूक मेला तर पेपर निघतो, आम्ही मेलो तर?

सातपुडा_पायथा

दादा, तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि ते या धाग्यात यायलाच हवं होतं.

यवतमाळला जे घडलं त्यामागे जी औषधं होती, त्यांतल्या ऑर्गॅनोफॉस्फेट गटाची औषधं शरीरातल्या कोलिनएस्टरेज या एकाच विकराला (एन्झाइमला) अडवतात. किडीत तेच, बेडकात तेच, पक्ष्यात तेच, माणसातही तेच. म्हणून भैऱ्यात हे विकर किती घटलं हे मोजणारी मुलगी आणि फवारणाऱ्या मजुराच्या रक्तात ते किती घटलं हे मोजणारा डॉक्टर, दोघं एकच परीक्षा करत असतात. बांधावरच्या डबक्यात हे विकर घटलेलं दिसलं तर तुमच्या अंगावर काय उडतंय याची ती पहिली खूण आहे.

आणि बोंडअळीचं म्हणाल तर ती औषधाला दाद देईनाशी होते, हाही याच अभ्यासाचा भाग. रेलियांच्या गटाने दाखवलंय की शेतांजवळच्या तळ्यांतल्या काही बेडकांच्या पिढ्या क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक जास्त सोसतात. कीड सोसते, बेडूक काही अंशी सोसतो, कर्ज मात्र शेतकऱ्याला सोसावं लागतं. हे कुणी आकड्यानिशी मांडलं तर ते तुमच्या बाजूचंच काम आहे. शेतकऱ्याला न विचारता त्याच्या वावरातली माती उचलणाऱ्या विद्यार्थ्याला मी माझ्याकडे घेत नाही.

मुलीचा_बाप

मुलगी हुशार आहे, हाच विषय म्हणते. पोट भरेल का यावर? बाहेरगावी जावं लागेल का?

सातपुडा_पायथा

सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा देऊन जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर पीएचडीची वर्षं निभतात. कोइमतूरच्या सॅकॉनमध्ये (सलीम अली पक्षिशास्त्र केंद्र) पक्ष्यांमधल्या कीटकनाशकांच्या अंशांवर वर्षानुवर्षं काम झालंय. लखनौची आयआयटीआर (विषशास्त्र संशोधन संस्था) आणि नागपूरची नीरी (पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) या विषयाच्या जवळच्या संस्था आहेत. नोकऱ्या कमी आहेत हे खरं, आणि वाट पाहावी लागते. तिला संख्याशास्त्र पक्कं करायला सांगा, आणि 'आर' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं ते आत्ताच शिकायला लावा. रसायन मोजणारी यंत्रं मोठ्या संस्थेत मिळतील, पण समोरचा किडा कोणत्या जातीचा हे ओळखणारी माणसं फार थोडी उरली आहेत. ज्याला ओळखता येतं त्याला कुठल्याही प्रकल्पात मागणी असते.

झूलॉजी_एमएस्सी

मॅडम, मासा रद्द. माझं ठरलं. भैरे घ्यायचे की गांडूळ, एवढाच प्रश्न उरलाय. आमच्याकडे पहिल्या पावसानंतर डबकी भरतात, तेव्हा बेडूक अंडी घालतात. कपाशीवरची कीटकनाशकं तर ऑगस्टनंतर सुरू होतात. मग भैऱ्यांना ती भेटतच नाहीत ना?

सातपुडा_पायथा

फार छान निरीक्षण. तू आत्ताच अभ्यासकासारखी विचार करू लागलीस.

फवारायची कीटकनाशकं उशिरा येतात, बरोबर. पण पेरणीच्या तोंडाला दोन गोष्टी येतात: इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक लावलेलं रंगीत बियाणं आणि तणनाशक. दोन्ही जून-जुलैत, म्हणजे डबक्यात अंडी असतानाच. तणनाशकाचं रेलियांनी 2012 साली छापलेलं काम मुद्दाम वाच. ग्लायफोसेटच्या तणनाशकाने भैऱ्यांची शेपटी मोठी झाली, जशी शिकारी असताना होते तशी. शिकारी नसताना! शरीराला खोटा इशारा मिळाला. आणि त्याच प्रयोगात शिकारी असलेल्या टाक्यांत तणनाशकाने कमी भैरे मेले. 2001 च्या कार्बारिलच्या निकालाच्या नेमकं उलट. त्यांचा अंदाज असा की तणनाशक पाण्याच्या वरच्या थरात जास्त राहिलं आणि शिकाऱ्याला भिऊन भैरे तळाशी गेले, म्हणून वाचले. स्वतःच्याच आधीच्या निकालाच्या उलट जाणारा निकाल त्यांनी तितक्याच ठळकपणे छापला. माझ्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडून एकच गोष्ट घ्यायची ठरवलं तर मी ही घ्यायला सांगेन.

भैरे की गांडूळ, याचं उत्तर तुझं गाव देईल. पारोळ्याकडे डबकं किती दिवस टिकतं ते या पावसात बघ. आठ-दहा दिवसांत आटत असेल तर गांडूळ घे.

केळीबाग_रावेर

मॅडम, मुलीला सांगा माझ्या बागा मोकळ्या आहेत. एका शेतात मृगबाग, शेजारी कांदेबाग, आणि बांधापलीकडे भावाचं शेत, तिथे तो चार-पाच वर्षांपासून शेणखत आणि जीवामृतच वापरतो. माझ्या फवारणीची वही आहे, कोणतं औषध, कधी, किती पंप, सगळं लिहिलेलं. करप्याची (पानावरच्या बुरशीच्या रोगाची) फवारणीही लिहिलीय. ती वही देतो. फक्त निघेल ते आम्हाला मराठीत सांगा.

कपाशीवाला_अमळनेर

माझंही वावर धरा. वही नाही माझ्याकडे, पण यंदापासून लिहितो. ताई, आमना वावरमा आते गांडूळ सापडतंच नही, ते का ते मला कळायला हवं.

सातपुडा_पायथा

दोघांचेही मनापासून आभार. मग असं करू या. पहिला दमदार पाऊस होऊन माती खोलवर ओली झाली की सुरुवात. प्रत्येक शेतात 25 सेंटिमीटर लांब-रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल मातीचे चौकोन काढायचे, पांढऱ्या कापडावर पसरून हाताने गांडुळं वेचायची. मोहरीचं पाणी ओतून वर काढायची पद्धत आहे, पण आपल्या मातीच्या भेगांतून पाणी निघून जातं, म्हणून हातानेच. शेताच्या मध्यातून काही, बांधाजवळून काही. प्रत्येक चौकोनाची थोडी माती वेगळी पिशवीत, तांब्यासाठी. केळीला ठिबक असेल तर नळीखालचा आणि दोन ओळींमधला चौकोन वेगळा नोंदवायचा, ओलाव्याचा फरक फार असतो.

कपाशीवाले दादा, वहीत चार रकाने पुरेत: तारीख, औषधाचं नाव डब्यावरून जसंच्या तसं, पंप किती, आणि त्यानंतर पाऊस कधी आला. रिकामा डबा फेकण्याआधी त्याच्या लेबलचा फोटो काढून ठेवा.

झूलॉजी_एमएस्सी, तू मला वैयक्तिक निरोप पाठव. गांडुळं ठेवायला बरण्या आणि फॉर्मॅलिन कॉलेजातून मिळेल. जाती ओळखायला मी बसेन तुझ्यासोबत.

झूलॉजी_एमएस्सी

निरोप पाठवलाय मॅडम. पारोळ्याला काकांचं शेत आहे, तिथली परवानगी आजच घेतली. तिथे पूर्ण कोरडवाहू आहे, ठिबक नाही, तांबंही कधी वापरलेलं नाही. तुलनेला चालेल का?

सातपुडा_पायथा

चालेल, पण रावेरच्या बागेशी थेट नाही, पाणी आणि पीक दोन्ही वेगळं पडतं. त्याला अमळनेरच्या कपाशीसोबत धर. काकांना मागच्या तीन-चार वर्षांत काय पेरलं ते विचारून ठेव.